निळी आत्या आणि पत्र्याचे बिल्ले

दुकानावर पाटी होती, पण ती वाचायची गरज कधी कुणाला पडली नाही. "कोट कुठे टाकलायस?" "निळ्या आत्याकडे." एवढ्यात काम भागायचं. आत्या ती खरी एकाच मुलीची. बाकीच्या गल्लीनं तो शब्द उसना घेतला आणि परत केलाच नाही. आणि निळी एवढ्यासाठी, की पस्तीस वर्षं कापडं रंगवून तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. कोपराच्या वर माणसाचा हात, खाली दौतीत बुडवून काढल्यासारखा. डोळ्यांच्या डॉक्टरनं पहिल्यांदा नाडी बघायला तिचं मनगट धरलं, तेव्हा तो असा दचकला की डोळे राहिले बाजूला, त्यानं आधी रक्तदाबच मोजला.

"अहो, जिवंत आहे मी," आत्या म्हणाली. "रंगारीण आहे."

दुकान म्हणजे पुढे एक खोली, तिच्यात काउंटर, आणि काउंटरमागे जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खणांची भिंत. सहा ओळी, ओळीत आठ, असे अठ्ठेचाळीस खण. मागे अर्ध्या दारापलीकडे भट्टी, भट्टीवर तीन हंडे, आणि हंड्यांपाशी लाकडी दांडा घेऊन कापड ढवळत उभे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. हा माणूस दिवसाकाठी पंधरा-वीस शब्द बोलायचा, आणि त्यातले निम्मे भट्टीशी.

आत्याचं उलटं. कुठल्याही वस्तूच्या पोटात काय दडलंय ते बघितल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. शेजारच्या न्हाव्याची खुर्ची वरखाली कशी होते हे कळावं म्हणून तिनं ती एकदा आडवी पाडून बघितली होती. खुर्चीत तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं, हे त्या गिऱ्हाइकाचं नशीब. तरुणपणी ती या दुकानात कापडं धुवायला लागली ती पगारासाठी, पण टिकली ती या खोडीपायी. तेव्हाचे म्हातारे मालक, सगळे त्यांना उस्ताद म्हणत, दोरीवर निळ्याच्या अकरा चिंध्या टांगायचे आणि नव्या माणसाला विचारायचे, "यातल्या दोन सारख्या आहेत. कुठल्या?" माणसं आठ-आठ दिवस डोकं खाजवत बसायची. आत्यानं तिसऱ्या दिवशी दोन चिंध्या काढून त्यांच्या पुढ्यात टाकल्या. उस्तादांनी तिला धुण्यावरून उठवून हंड्यावर घेतलं.

ती नजर हेच तिचं सगळं वैभव. "कापड मी तोंडावरून ओळखते," असं ती चारचौघांत सांगायची, आणि ते खरंही होतं. गिऱ्हाईक पायरी चढतंय तोवर तिचा हात बरोबर खणात गेलेला असायचा.

त्या नजरेत आता मोतीबिंदू उतरला होता. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख दिली, ती आत्यानं चुकवली. का, तर शाळेचे पडदे रंगायला आले होते. दुसरी तारीख चुकवली. का, तर ते पडदे न्यायला कुणी आलंच नव्हतं. तिसऱ्या वेळी डॉक्टरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आत्याबाई, येत्या गुरुवारी सकाळी आठ. ही चुकली तर चौथी तारीख मी देणार नाही. मोतीबिंदू पिकत चाललाय. पुढे कापायलाही अवघड जाईल आणि मग दिसेल की नाही, याची हमी मी घेणार नाही."

"आणि नंतर?"

"नंतर महिनाभर वाफेजवळ जायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही."

म्हणजे महिनाभर दुकानात पाऊल नाही. घोडं अडलं होतं ते इथेच. हंडे आतोबा सांभाळतील, त्यात प्रश्न नव्हता. पण कुणाचं काय आलंय, ते कुठल्या खणात आहे, कुठलं रंगून झालं, कुठलं राहिलं, हे सगळं फक्त आत्याच्या डोक्यात. आतोबांना खणांपुढे उभं केलं तर ते अनोळखी गावातल्या पाहुण्यासारखे बघत राहायचे.

यावर तोड काढली ती तिच्या खऱ्या भाचीनं. ही आत्याच्या भावाची मुलगी, प्रोग्रॅम लिहायचं काम शिकलेली, वरच्या खोलीत राहून कॉम्प्युटरवर कुठल्याशा कंपनीचं काम करायची. लहानपणापासून दाणे टिपल्यासारखी जेवायची म्हणून घरात तिला चिमणी म्हणत.

"आत्या, तुझं डोकं मी कॉम्प्युटरमध्ये भरते."

"मावेल का?"

"तुझं? कोपऱ्यात बसेल."

शुक्रवारी दुपारी दोघी काउंटरवर बसल्या. चिमणीनं कॉम्प्युटरचा पडदा आत्याकडे वळवला, अक्षरं टरबुजाएवढी मोठी केली आणि समजावायला लागली. आत्यानं हातातलं काम खाली ठेवलं. हे फार क्वचित व्हायचं.

"आधी एक क्लास लिहायचा. क्लास म्हणजे साचा. साच्याचं नाव 'कपडा'. मग दुकानात जो जो कपडा येईल त्याचा त्या साच्यातून एक ऑब्जेक्ट काढायचा. कोटाचा एक, पडद्याचा एक. त्या ऑब्जेक्टच्या पोटात त्याची माहिती. मालक कोण, प्रकार काय, रंग कुठला, भिंतीतला खण कुठला."

"बरं. मग एवढे सगळे ऑब्जेक्ट ठेवायचे कशात? पोत्यात?"

"तीच तर मजा आहे. ठेवायला वेगवेगळी भांडी मिळतात. लिस्ट म्हणजे आले त्या क्रमानं लावत जायचं, पहिला, दुसरा, तिसरा. एकच गोष्ट दोनदा आली तरी चालते. क्यू म्हणजे रांग. आधी आला तो आधी सुटणार. स्टॅक म्हणजे आतोबांची इस्त्रीची थप्पी. वर ठेवलेला आधी उचलायचा."

"त्या थप्पीचं नाव काढू नकोस," आत्या म्हणाली. "शिंप्याची चादर तिच्या तळाशी तीन आठवडे निजली होती. रोज वर नवीन पडायचं, रोज वरचं जायचं. शिंपी येऊन शिव्या घालून गेला तेव्हा सापडली."

"म्हणून हंड्याकडे जाणारे कपडे आपण क्यूमध्ये ठेवू."

"नुसती रांग नाही चालायची. काळा कोट आधी आला म्हणून तो आधी हंड्यात टाकलास तर मागून येणाऱ्या पिवळ्या साडीचं काय होईल? फिक्कं सकाळी, गडद संध्याकाळी. आधी आलेलं आधी, पण आपापल्या रंगात."

चिमणीनं ते लिहून घेतलं. असा क्यू असतो, म्हणाली, त्यात रांगेतल्या माणसाला मान बघून पुढे घेतात. आत्याला हे फार आवडलं. मग चिमणी सेटवर आली.

"आणि हा सेट. दुकानात आत्ता काय काय आहे ते यात ठेवायचं. यात एक वस्तू एकदाच. तीच परत टाकायला गेलं तर घेत नाही. आणि याला विचारलं, अमका कपडा आहे का, की सगळे न धुंडाळता चटकन सांगतो."

"न धुंडाळता?" आत्या पुढे सरकली. "कसं काय?"

"आतमध्ये खण असतात. तुझ्या भिंतीसारखेच. कपड्याच्या माहितीवरून तो एक हिशोब करतो आणि खणाचा नंबर काढतो. ठेवताना तो हिशोब करून ठेवतो, शोधताना तोच हिशोब करून थेट त्या खणापाशी जातो. बाकीच्या खणांकडे बघतसुद्धा नाही."

आत्यानं वळून आपल्या भिंतीकडे पाहिलं. तिला त्या यंत्राबद्दल एकदम आपुलकी वाटली.

"आता एक सांग," चिमणी म्हणाली. "तू एक कपडा दुसऱ्यापासून वेगळा कशावरून ओळखतेस? जे तू सांगशील, त्यावरूनच हा हिशोब करणार."

"मालक," आत्या म्हणाली. "प्रकार. आणि रंग. सगळ्यात आधी रंग. तोंडावरून ओळखते मी कापड."

हे बोलताना तिनं मान ताठ ठेवली होती, पण हे खोटं होतं. पूर्वी खरं होतं, वर्षभरापूर्वीपर्यंत. आता गडद निळा, काळा, जांभळा हे तिघे तिच्या डोळ्यांना सख्खे भाऊ दिसायचे. फिक्क्या रंगांवर चहा सांडल्यासारखं व्हायचं. वर्षभर ती कापड ओळखत होती ते अंगठ्यानं. प्रत्येक कपड्याला आला त्या दिवशीच एक पत्र्याचा बिल्ला टाचायचा, ही उस्तादांच्या काळापासूनची रीत. कागदाची चिठ्ठी हंड्यात विरघळते, कापडी चिठ्ठी रंग पिऊन बसते; म्हणून पत्रा, आणि त्यावर खिळ्यानं ठोकून काढलेला आकडा. आत्या खणात हात घालायची, अंगठा बिल्ल्यावरून फिरवायची, खाचांवरून आकडा वाचायची, आणि मग डोळे बारीक करून कापडाकडे अशी बघायची की बघणाऱ्याला वाटावं, रंगावरूनच ओळखलं. नवऱ्यालाही तिनं हे सांगितलं नव्हतं. अकरा चिंध्यांतल्या दोन काढणारी बाई काळा आणि निळा ओळखत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

चिमणीनं लिहून घेतलं. मालक, प्रकार, रंग.

सोमवारी बँडमास्तर आला. पोट आधी, मागून तो, अशा बेतानं तो दारातून आत यायचा. त्याच्या पथकाचे बारा लोकरी कोट, सगळे पांढरे, गडद हिरवे करून हवे होते. चिमणीनं एकेक कोट प्रोग्रॅममध्ये टाकला, आतोबांनी एकेकाला बिल्ला टाचला, आणि शेवटी आत्यानं हौसेनं विचारलं, "सांग बघू, मास्तरांचे कोट किती?"

पडद्यावर आलं: एक.

बँडमास्तरनं चष्मा लावून वाचलं. "एक? मग बाकीचे अकरा जण काय बनियनवर वाजवणार?"

चिमणी आधी गोरीमोरी झाली, मग हसायला लागली. "सेट आहे ना! मालक तोच, कोट तोच, पांढरा तोच. त्याला वाटलं, एकच कोट बारा वेळा दाखवतायत. अकरा वेळा त्यानं घेतलाच नाही."

"शहाणा आहे," आत्या म्हणाली. "पण जरा जास्तच."

मग चिमणीनं ओळखायच्या खुणांत मापाची भर घातली. बारा वादकांत कुणी बांबू, कुणी पिंप. एकाचं माप दुसऱ्याला येत नव्हतं. बारा कोट बारा झाले. आत्या खूश झाली. तिनं त्याच दिवशी डॉक्टरकडे निरोप धाडला, गुरुवारी येते म्हणून.

मंगळवारी कोट रंगले. आतोबा एकेक बाहेर काढत गेले आणि चिमणी प्रोग्रॅममधलं 'रंगवून झाला' हे बटण दाबत गेली. बटण दाबलं की त्या ऑब्जेक्टच्या पोटातला रंग पांढऱ्याचा हिरवा व्हायचा. बुधवारी सकाळी कोट घडी होऊन खणांत बसले, आणि दहाच्या सुमाराला बँडमास्तर न्यायला आला.

"आता मी नाही बघणार," आत्या म्हणाली आणि पाठ करून स्टुलावर बसली. "मी दवाखान्यात आहे असं समजा. चिमणे, काढ मास्तरांचे कोट."

चिमणीनं विचारलं. बँडमास्तर, कोट, हिरवा, सगळ्यात मोठं माप, आहे का?

नाही.

दुसरं माप. नाही. तिसरं. नाही. बाराच्या बारा नाही. चिमणीची बोटं भराभर चालायला लागली. शिंप्याची चादर, जी रंगून झाली होती: नाही. टपालवाल्याचा स्वेटर, जो अजून हंड्यात गेलाच नव्हता: आहे.

"एकूण किती आहेत दुकानात, ते विचार," आत्या पाठमोरीच म्हणाली.

"एकसष्ट."

"बरोबर आहे की. एकसष्टच आहेत. सगळ्यांची नावं वाचून दाखव म्हणावं."

चिमणीनं ओळीनं सगळी छापून काढली. त्यात बारा हिरवे कोट होते, शिंप्याची चादरही होती. म्हणजे मोजायला सांगितलं की कोट हजर, नाव घेऊन विचारलं की गैरहजर.

बँडमास्तर काउंटरवर रेलला. "आमचा सनईवाला असाच आहे. हजेरीला असतो, वाजवायला नसतो."

आत्या हसली नाही. ती उठली आणि तिनं फोन उचलला. आतोबा अर्ध्या दारातून बघत होते. कुणाला फोन, हे विचारायची गरज नव्हती. दुकान असं सोडून जायचं म्हणजे महिनाभर गिऱ्हाईक येणार, हा डबा 'नाही' म्हणणार, आणि आतोबा खणांपुढे पाहुण्यासारखे उभे राहणार. डॉक्टर चौथी तारीख देणार नाही, हे तिला माहीत होतं. तिनं नंबराचे तीन आकडे फिरवले. मग तिचा हात थांबला.

मोजताना आहे आणि विचारल्यावर नाही. असं कसं होईल? पस्तीस वर्षांत वस्तू हरवलेली तिनं पाहिली होती, चोरीला गेलेली पाहिली होती, थप्पीच्या तळाशी गाडलेली पाहिली होती. पण जागच्या जागी असून 'नाही' म्हणणारी वस्तू तिनं पाहिली नव्हती. या डब्याच्या पोटात काय चाललंय हे न बघता त्याला सोडायचं, हे न्हाव्याच्या खुर्चीला आडवं पाडणाऱ्या बाईला जमणार नव्हतं. तिनं फोन खाली ठेवला.

"चिमणे, काल सकाळी कोट सापडत होते?"

"होते. मी तपासले होते."

"रंगायच्या आधी?"

"हो."

"आणि नंतर नाही. चादर रंगली, ती नाही. स्वेटर रंगला नाही, तो आहे." आत्या पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिचं नाक काचेला टेकलं. "त्याला सांग, रंग दिलाच नाही. मास्तरांचा मोठा कोट अजून पांढराच आहे, असं सांग."

"पण तो हिरवा आहे."

"सांग तर खरं. खोटं बोल त्याच्याशी."

चिमणीनं ऑब्जेक्टच्या पोटातला हिरवा खोडून पांढरा केला आणि परत विचारलं, बँडमास्तर, कोट, पांढरा, मोठं माप, आहे का?

आहे.

"अगं बाई!" आत्यानं टाळी वाजवली. "आता परत हिरवा कर."

नाही.

"पांढरा."

आहे.

चार वेळा तिनं तो कोट पांढरा-हिरवा करायला लावला. बँडमास्तरही काउंटरच्या आत येऊन बघायला लागला. मग आत्या खणांच्या भिंतीपुढे जाऊन उभी राहिली, एक हात डावीकडच्या खणावर, एक उजवीकडच्या.

"तू म्हणाली होतीस, तो हिशोब करून खण काढतो. कोट आला तेव्हा पांढरा. हिशोब केला, आला हा खण. इथे ठेवला. मग तू बटण दाबून कोटाच्या पोटात हिरवा लिहिलास. पण या खणातून उचलून दुसरीकडे ठेवला का कुणी?"

"नाही," चिमणी म्हणाली, आणि तिचं तोंड हळूहळू उघडत गेलं.

"आता तू विचारतेस हिरवा कोट. तो हिरव्याचा हिशोब करतो आणि जातो त्या खणापाशी. तिथे काही नाही. कोट बिचारा पांढऱ्याच्या खणात बसलाय, हिरवा होऊन. मोजायला निघालं की सगळे खण बघतो, तेव्हा सापडतो."

चिमणीनं कपाळावर हात मारून घेतला. "हे मला शिकवलंय गं! ज्या गोष्टीवरून खण काढायचा ती नंतर बदलायची नसते. परीक्षेत पानभर लिहिलं होतं मी. पैकीच्या पैकी!"

"मग इथे काय झालं?"

"इथे तू म्हणालीस, सगळ्यात आधी रंग! आणि मला वाटलं, कोटाचा रंग म्हणजे कोटाचाच. दुसऱ्या कुठल्या दुकानात कोटाचा रंग मंगळवारी बदलतो?"

बँडमास्तर खदखदून हसला. चिमणी लगेच कामाला लागली. "ठीक आहे. रंग काढून टाकते. मालक, प्रकार आणि माप. संपलं."

"लोकर आटते," मागून आतोबा म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं. आतोबांनी दांडा हंड्यावर आडवा ठेवला. "उकळत्या पाण्यात. माप बदलतं."

"मग राहिलं काय?" चिमणी रडकुंडीला आली. "मालक आणि प्रकार. म्हणजे परत बारा कोटांचा एक. इथे न बदलणारं काही आहे का नाही कपड्यात?"

आत्या भिंतीकडे तोंड करून उभीच होती. तिला उत्तर माहीत होतं, शुक्रवारपासून माहीत होतं. किंबहुना वर्षभर तिच्या अंगठ्याखाली होतं. ते सांगायचं तर आधी दुसरं काही सांगावं लागत होतं, आणि तेही बँडमास्तरसमोर, म्हणजे संध्याकाळपर्यंत गल्लीभर. न सांगता गप्प राहावं तर फोन समोरच होता.

तिनं खणात हात घालून हाताला लागलं ते कापड ओढलं आणि डोळे गच्च मिटले. अंगठा कडेवरून फिरला, थांबला.

"सत्तेचाळीस," ती म्हणाली. "टपालवाल्याचा स्वेटर. हो का नाही?"

चिमणीनं बिल्ला बघितला. "हो."

दुसरं ओढलं. "सहासष्ट. शिंप्याची चादर." डोळे मिटलेलेच. "रंगावरून मी ओळखत नाही, चिमणे. वर्ष झालं. काळा आणि निळा मला एक दिसतात. बिल्ल्यावरून ओळखते. तुला खोटं सांगितलं मी."

आतोबा अर्ध्या दारापर्यंत पुढे आले.

"माहीत आहे," आतोबा म्हणाले.

आत्यानं डोळे उघडले. "काय माहीत आहे?"

"गेल्या थंडीत तू वकिलाच्या काळ्या कोटासाठी निळीचा डबा दिलास."

"आणि तुम्ही?"

"काळा घातला."

"आणि मला बोलला नाहीत?"

"तू पण नाही बोललीस."

एवढी लांब गोष्ट आतोबांनी कित्येक वर्षांत सांगितली नव्हती. ते परत हंड्याकडे वळले. आत्याला त्यांचा राग आला, हसू आलं, आणि त्या वकिलाच्या कोटाची लाजही वाटली, पण यातलं काहीच करत बसायला वेळ नव्हता, कारण चिमणी आधीच टाइप करत होती.

"बिल्ला मी रोज बघत होते," ती म्हणत होती. "मला वाटलं, ती नुसती गिऱ्हाइकाची पावती. बिल्ला कधी टाचतात?"

"आला की लगेच."

"कधी काढतात?"

"गिऱ्हाइकाच्या हातात देताना. मग तो त्या खिळ्यावर जातो."

"आणि मधे?"

"मधे त्याला हात लागत नाही. रंग चढत नाही, उकळून आटत नाही. म्हणून तर उस्तादांनी पत्रा घेतला."

"बस्स. मग मॅपच करते. मॅप म्हणजे एका बाजूला किल्ली, दुसऱ्या बाजूला वस्तू. किल्ली बिल्ल्याचा नंबर, वस्तू तो कपडा. रंग, माप कपड्याच्या पोटात राहू दे, हवं तेव्हा बदलू दे, पण शोधायचं किल्लीवरून."

बँडमास्तरला स्टूल मिळालं, चहा मिळाला, पण कोट मिळेनात. आत्यानं एकेक बिल्ला हातानं चाचपून नंबर सांगितला, चिमणीनं एकसष्ट नंबर भरले. मग आत्यानं परीक्षा घ्यायला सुरुवात केली. मास्तरांचा मोठा कोट, बिल्ला एकतीस. पडद्यावर त्याला काळा करायला लावला. एकतीस आहे का? आहे. पिवळा केला. आहे. आटवून तान्ह्या बाळाच्या मापाचा केला. आहे.

"जांभळा कर," आत्या म्हणाली.

"आत्याबाई, आम्हाला हिरवेच हवेत हो," बँडमास्तर काकुळतीला येऊन म्हणाला.

बारा वाजून गेल्यावर त्याचे कोट सुटले. आतोबांनी एकट्यानं काढले: चिमणीनं नंबर विचारायचा, प्रोग्रॅमनं खण सांगायचा, आतोबांनी हात घालायचा. बारा वेळा हात घातला, बारा कोट निघाले. आत्या पाठ करूनच बसली होती. बाराव्याला ती म्हणाली, "बरं." आणि वर जाऊन दवाखान्याची पिशवी भरायला लागली.

गुरुवारी आठ वाजता तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वीस मिनिटं लागली. पूर्ण वेळ ती डॉक्टरला विचारत होती, आता काय काढलं, आता काय बसवलं, आणि काढलेलं दाखवता येईल का.

महिनाभर ती वरच्या खोलीत होती. जिना उतरायला बंदी. खाली बिल्ले खिळ्यावर पडल्याचा आवाज आला की ती मोजायची, आणि मोजण्यात चूक वाटली की चपलेनं जमीन ठोकायची. चिमणी खालून ओरडायची, "बरोबर आहे गं!" त्या महिन्यात उशीचा एक अभ्रा चुकीच्या बाईकडे गेला, पण ती चूक आतोबांची होती. त्यांनी बिल्ला उलटा धरून इंग्रजी सहाचा नऊ वाचला होता. आत्यानं वरूनच हुकूम सोडला, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक बिल्ल्यावर आकड्याखाली एक आडवी रेघ ठोकली गेली.

महिना भरला त्या सकाळी ती काळा चष्मा लावून खाली आली. आधी खण बघितले. प्रोग्रॅमला काही विचारलं नाही. हातानं चार-पाच खण चाचपले, मग चष्मा कपाळावर सरकवला. मागे शाळेचा एक पडदा उरलेला तसाच लटकत होता, तोच, ज्याच्यापायी पहिली तारीख चुकली होती.

"हा कुणी असा रंगवला?"

"तूच," चिमणी म्हणाली. "राखाडी सांगितला होता शाळेनं."

"हा राखाडी आहे?"

"कुणी बोललं नाही गं. शाळेला आवडला."

आत्या दारात उजेडाला गेली आणि तिनं दोन्ही हात समोर धरले. डावा डोळा मिटला, उजव्यानं बघितलं. हात निळे, हंड्यावर आल्याच्या पहिल्या वर्षीसारखे निळे. मग उजवा मिटला, डाव्यानं बघितलं. हात चिखलात घातल्यासारखे. परत डावा मिटला. निळे. शेजारचा न्हावी गिऱ्हाइकाची दाढी अर्धवट सोडून बघायला लागला, ही बाई कुणाला डोळे मारतेय म्हणून.

"अहो, दवाखान्यात फोन करा," ती आत आतोबांकडे वळून म्हणाली. "डाव्या डोळ्याची तारीख मागा. आणि जवळची मागा."

मग ती काउंटरवर येऊन बसली आणि कॉम्प्युटरचा पडदा आपल्याकडे ओढून घेतला.

"चिमणे, एक सांग. महिनाभर वर पडून विचार करत होते. तुझा तो हिशोब खणाचा नंबर काढतो. बिल्ले दोनशे, खण थोडे. कधी तरी दोन वेगळ्या बिल्ल्यांचा हिशोब एकाच खणावर येत असेल की नाही?"

"येतो."

"मग दोघं एकाच खणात? आणि शोधताना?"

"त्या खणातल्या त्यात एकेकाचा नंबर बघतो."

"म्हणजे न धुंडाळता सांगतो म्हणाली होतीस, ते थोडं खोटंच होतं."

"थोडं," चिमणी म्हणाली.

"उघड तो खण," आत्या म्हणाली आणि चष्मा काढून बाजूला ठेवला. "मला बघायचाय."